तोंड कमी उघडून गा

माझा रंग सावळा आहे असं म्हणणारी माणसं माझ्यावर माया करणारी होती. बाकीचे सरळ काळी म्हणत. त्यात उंची वडिलांच्या बरोबरीची, आणि वरचे पुढचे दोन दात ओठांवर येऊन बसलेले. आईने यातलं काही माझ्यापासून कधी लपवलं नाही. "बाय, देवान तुका गळो बरो दिल्यान. बाकीचा आपण बघूया," असं ती म्हणायची. बाकीचं म्हणजे माझं लग्न.

आमचं घर मालवणच्या जवळच होतं. वडील कचेरीत कारकून. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि तिकडून आलेले एक पेटीमास्तर आमच्या वाडीत बिऱ्हाड करून राहिले होते. नाटक कंपन्यांमधून त्यांनी बरीच वर्षं काढली होती. आईने त्यांच्याकडे मला गाणं शिकायला घातलं ते कलेच्या प्रेमापोटी नव्हे. मुलगी बघायला येणारे लोक 'गाणं म्हणून दाखव' म्हणतात. गाणं चांगलं झालं तर रंगाकडे दुर्लक्ष होईल, असा तिचा हिशोब होता.

मास्तरांना मात्र हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मला खरंखुरं गाणं शिकवायला सुरुवात केली. सकाळी पेटी उघडून ते एकेक सूर घासून घ्यायचे. मलाही त्यात गोडी लागली. आवाज मोकळा सुटला की छातीत काहीतरी रुंद होत जातंय असं वाटायचं. आणि नेमकं तिथेच आई आडवी आली.

तिच्या लक्षात आलं की मी 'आ' लांबवला की दात दिसतात, 'ई' लांबवली तर हिरड्यासुद्धा. 'उ' आणि 'ओ' या अक्षरांना मात्र ओठ जवळ येतात आणि तोंड बरं दिसतं. झालं. त्या दिवसापासून आई माझी गाणी निवडायला लागली. ज्या भजनात 'ई' फार, ते बाद. 'माई' बाद, 'जननी' बाद. मास्तरांनी एक नवं पद बसवलं तर त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'हरी'. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"मास्तरांनू, हयसर 'हरी'च्या जाग्यार 'प्रभो' घातल्यार चलात मा?"

मास्तर पेटीवरचे हात उचलून बघत राहिले. "वहिनी, पदात 'हरी' आसा."

"आसांदे. हरी म्हटला काय आणि प्रभो म्हटला काय, ऐकणारो एकच मा?"

"पण यमक?"

"यमकाक कोण बघूक येणा नाय. चेडवाक बघूक येतत. तोंड जरा कमी उघडून गावक शिकवा तिका."

मास्तरांनी तपकिरीची डबी काढली, पण तपकीर ओढली नाही. "तोंड उघडल्याशिवाय सूर खंयसून भायर येतलो? नाकातसून?"

"पावण्यांसमोर नाकातसून इलो तरी चलात," आई म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून माझी दोन गाणी झाली. सकाळचं मास्तरांचं आणि पाहुण्यांसमोरचं आईचं.

पहिले पाहुणे आले ते बांद्याहून. बाजारात कापडाचं दुकान असलेले लोक. मुलगा, त्याचे वडील, काका आणि एक आत्या. आईने माझी चटई पडवीच्या अशा कोपऱ्यात घातली होती की उजेड पाठीमागून यावा. मास्तर पेटी घेऊन बसले. शेजारच्या मावशीची मुलगी, म्हणजे माझी धाकटी मावसबहीण, पाणी आणून देण्यासाठी दाराआड उभी होती. ती दिसायला फार देखणी. केतकी रंग, लांब केस, हसली की गालाला खळी. स्वभावाने अगदी पोरकट. पाहुण्यांसाठी केलेल्या खापरोळ्यांतल्या किती तिने आधीच खाल्ल्या होत्या देव जाणे.

मी गायला सुरुवात केली. 'प्रभो'वालं पद. काकांनी वडिलांना मधेच विचारलं, "एष्टी हयसर नेमान येता काय?" वडिलांनी हळू आवाजात उत्तर दिलं. आत्या प्रथम डावीकडून वाकून बघत होती, मग उजवीकडून. मी अंतऱ्यावर आले तशी ती म्हणाली, "बाय, जरा उजेडाकडे तोंड कर गो." मी सूर न सोडता वळले. आत्याने मान हलवली. गाण्याला दाद नव्हती ती. मुलगा दाराकडे बघत होता.

माझं गाणं संपलं तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मास्तरांनी पेटीचा भाता मिटला तेव्हा काकांना कळलं. तेवढ्यात मावसबहीण पाणी घेऊन आली.

"ह्या चेडू कोणाचा?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. आईने सांगितलं. "ह्या गाता काय?"

"नाय," मावसबहीण म्हणाली. खरं तेच म्हणाली बिचारी.

"लाजता!" आत्या कौतुकाने म्हणाली. "म्हण गो एखादा. शाळेतला म्हण."

तिचा गळा मला माहीत होता. विहिरीच्या रहाटाला तेल कमी पडलं की जसा आवाज येतो तसा. बरं, रहाट निदान एका जागी तरी फिरतो. तिने शाळेतली प्रार्थना सुरू केली. मास्तरांनी सवयीने साथ धरली, पण ती ज्या पट्टीत सुरू झाली होती तिथे दुसऱ्या ओळीला नव्हती. ते खाली गेले तर ती वर. ते वर गेले तर ती भलतीकडेच. अंगणात निसटलेली कोंबडी पकडायला धावावं तसे मास्तर काही वेळ तिच्या मागे धावले आणि शेवटी हात मांडीवर ठेवून बसले.

"वा!" मुलाचे वडील म्हणाले. "गळ्यात काय गोडवा आसा!"

"देवाची देणगी," काका म्हणाले. आता त्यांना एष्टीची आठवण नव्हती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ओळखीच्या माणसाबरोबर निरोप आला. मुलगी गुणी आहे, पण गाण्यात जरा कमी पडते. पाणी घेऊन आलेली मुलगी छान गाते. तिचं काही ठरलं नसेल तर कळवावं.

मावशीने मुलगी शाळेत आहे असं सांगून विषय मिटवला. मी त्या दिवशी दुपारी जेवले नाही. मावसबहीण संध्याकाळी आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, ते बहिरे होते गो?" मला हसू आलं आणि मग दोघी जेवलो.

त्यानंतर बघायला आलेल्यांचं वर्णन करत बसत नाही. मी गायचे, ते बघायचे. मावशीने हुशारीने मुलीला माझ्या बघण्याच्या दिवशी घराबाहेर पाठवायला सुरुवात केली. तिला त्या दिवशी किनाऱ्यावर खेळायला मिळायचं, त्यामुळे ती दर आठवड्याला विचारायची, "ताई, तुका कोण बघूक येतत काय?"

मग नवरात्रातली स्पर्धा आली. देवीच्या देवळात कीर्तन, भजन व्हायचंच. त्या वर्षी उत्सवाच्या मंडळींनी मुलींच्या गायनाची चढाओढ ठेवली. परीक्षक तिघे: निवृत्त फौजदार, गावचे डॉक्टर आणि शाळेचे हेडमास्तर. संगीताशी तिघांचाही संबंध सारखाच होता. म्हणजे नव्हता. फौजदार अध्यक्ष, कारण मिशा त्यांना होत्या.

दुपारची उन्हं कलल्यावर सभामंडपात गाणी झाली. हेडमास्तरांनी शाळेतल्या सगळ्याच मुलींची नावं घातल्यामुळे मावसबहिणीलाही उभं राहावं लागलं. तिने तीच प्रार्थना म्हटली. मी मास्तरांनी बसवलेलं एक मोठं पद म्हटलं. पण आई समोरच्या खांबाला टेकून बसली होती आणि मी 'आ' लावला की स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायची. त्यामुळे माझं अर्धं गाणं तोंडातच राहिलं. तरीही ते काही वाईट झालं नव्हतं. मास्तर मान डोलावत होते.

पहिला नंबर मावसबहिणीचा आला. "सादरीकरणात प्रसन्नता," असं फौजदार म्हणाले. तिला चांदीचा कुंकवाचा करंडा मिळाला. मला उत्तेजनार्थ बक्षीस: चेहऱ्याला लावायच्या स्नोची बाटली.

घरी येताना मास्तर आमच्याबरोबर होते. आमच्या पडवीत बसले, पाणी मागितलं, प्याले, पुन्हा मागितलं. मग म्हणाले, "वहिनी, कंपनीत आसताना माका वाटायचा की प्रेक्षकांक कळणा नाय. परीक्षकांचा माका म्हायती नव्हता."

माझं दुःख मी दोन दिवसांत विसरले, पण मावसबहिणीची खरी पीडा तिथून सुरू झाली. ती आता गावची गायिका होती. हळदीकुंकू असलं की तिला बोलावणं. शाळा तपासायला साहेब आले की स्वागतगीत तिचं. ओढ्यावरच्या नव्या साकवावर नारळ फोडायला आमदार आले तेव्हाही तिला उभं केलं. ती गायची, लोक तिच्या तोंडाकडे बघून माना डोलवायचे, आणि ती घरी येऊन रडायची.

"ताई, माका कळता गो मी कसा गातंय तां," ती मला म्हणाली. "माझ्याच कानांक त्रास होता. पण ह्यांका सांगितला तर म्हणतत, काय विनय आसा! तुझ्या दातांसारखे दात माका कित्याक नाय दिल्यान देवान?"

माझ्या दातांचा हेवा करणारी ती जगातली एकटीच.

पुढचं नवरात्र जवळ आलं तशी ती विचारात पडलेली दिसायला लागली. एक दिवस ती देवळाच्या थोरल्या मानकऱ्यांकडे गेली. ते फार वयस्कर, सोवळ्याओवळ्याचे आणि तापट म्हणून सगळे त्यांना वचकून असत. तिने मान खाली घालून त्यांना एवढंच सांगितलं की देवीच्या दारात पुरुषमाणसांच्या समोर उभं राहून गायची तिला लाज वाटते. लोक एकटक बघतात.

मानकरी खवळले. उत्सवाच्या मंडळींना बोलावून घेतलं. "देवीच्या देवळात चेडवांका उभी करून बघतास? चढाओढ व्हयी तर मधे पडदो घाला. नायतर बंद करा!"

मंडळी पेचात पडली. बघायचं नव्हतं तर पडद्याला हरकत काय, आणि हरकत घेतली तर बघायचं होतं असं कबूल केल्यासारखं. फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि नैतिकदृष्ट्या ही सूचना योग्य आहे असं जाहीर केलं.

पडदा गावच्या नाटक मंडळाचा आणला. अरण्याचा. मधे तळं, तळ्याकाठी हरणं, एका झाडामागे वाघ. खालून गुंडाळत वर जाणारा, बांबूवरचा. पडद्याच्या एका बाजूला आम्ही मुली आणि सगळ्या बायका. दुसऱ्या बाजूला पुरुष, पेटीवर मास्तर आणि वाघाच्या अगदी समोर तिघे परीक्षक. नावं सांगायची नाहीत, नंबर चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, असंही मानकऱ्यांनीच बजावलं होतं. मावसबहिणीचा नंबर दुसरा आला, माझा चौथा.

पडद्याला एक लहानसं भोक होतं, हरणाच्या डोळ्यात. मुली आळीपाळीने त्यातून बघत होत्या. मीही बघितलं. डॉक्टर आढ्याकडे बघत होते. हेडमास्तर पायाचा अंगठा बघत होते. फौजदार कधी पडद्याच्या खालच्या फटीतून पावलं दिसतात का बघायचे, कधी बांगड्यांचा आवाज ऐकायचे. चौकीवर आणलेला चोर नाव सांगत नसला की करतात तसा त्यांचा चेहरा झाला होता.

दुसरा नंबर पुकारला. मावसबहीण उठली आणि तिने मन लावून, भक्तिभावाने तीच प्रार्थना म्हटली. पलीकडे कुजबुज झाली. "कोण रे ह्या?" कुणीतरी म्हणालं. "घसो बसलो हा काय बिचाऱ्याचो?" एक लहान मूल रडायला लागलं. पडद्याच्या आत ती गाता गाता आनंदाने लाल झाली होती. पहिल्यांदाच लोकांनी तिचं गाणं ऐकलं होतं.

मग मी. समोर कापडातून पलीकडची हरणं दिसत होती. हरणांना दातांचं काय? आई बायकांत मागे बसली होती आणि मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. मास्तरांनी पलीकडून सूर दिला. मी तोंड उघडलं ते पुरतं उघडलं. 'आ' जिथे जायला हवा होता तिथपर्यंत गेला. तळ्यातल्या रंगवलेल्या पाण्यावरून आवाज पलीकडे जातोय आणि माणसं गप्प झाली आहेत हे मला कळत होतं. 'हरी' आला, तो मी 'हरी'च म्हटला, हवा तेवढा लांबवून. पेटीचा सूर माझ्या बरोबरीने धावत होता, पकडायला नव्हे, खेळायला. शेवटी पलीकडे कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं आणि टाळ्या पडल्या.

आई डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. "एवढो मोठो आवाज आसा तुजो?" ती म्हणाली. "माका आधी कित्याक सांगूक नाय?"

निकालाला वेळ लागला नाही. फौजदार उठले आणि पडद्याकडे तोंड करून बोलायला लागले. व्यासपीठावर ते नेहमी शुद्ध बोलत.

"मंडळी, पहिला क्रमांक चौथ्या गायिकेला देण्यात आमचं एकमत झालं आहे. नाव सांगायचं नाही असा नियम आहे. पण सुज्ञांना सांगायची गरज काय? गेल्या वर्षीची आमची विजेतीच यंदा दुप्पट तयारीने आली आहे. पडदा घातला म्हणून चांदणं लपतं थोडंच! असा गळा देव कुणाच्याही देहात ठेवत नाही. आधी तो रूप घडवतो, मग त्या रूपाला शोभेल असा आवाज त्यात घालतो. आता पडदा वर करा आणि आपल्या गायिकेला डोळे भरून पाहा."

दोरी ओढली. पडदा खालून गुंडाळत वर जायला लागला. आधी माझी पावलं दिसली. माझी पावलं वडिलांच्या मापाची. फौजदार हसून म्हणाले, "या, या, अशा पुढे या." मग साडीच्या निऱ्या दिसल्या. मग बांबू खांबाला अडकला आणि पडदा माझ्या कमरेपाशी थांबला. लोक दोरी ओढत होते, फौजदार हात पुढे करून हसत उभे होते. शेवटी झटका बसला आणि अरण्य एकदम वर गेलं.

फौजदारांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला. त्यांनी माझ्या मागे कुणी आहे का पाहिलं. मागे मावसबहीण होती. ती उड्या मारत टाळ्या वाजवत होती आणि तिच्या तोंडात देवीचा प्रसाद होता.

"चौथी?" त्यांनी विचारलं.

"चौथी," मी म्हटलं आणि हसले. हसताना दात दिसले असणार. मी झाकले नाहीत.

पुरुषांच्या बाजूला कुठेतरी एक जण खुदकला आणि मग सगळा मंडप हसायला लागला. मानकरीसुद्धा. डॉक्टरांनी वेळ सावरायचा प्रयत्न केला. म्हणाले, "आवाजावरून रूप ओळखण्याचं शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे." त्यावर लोक आणखी हसले.

पहिलं बक्षीस होतं आरसा. वेलबुट्टीच्या चौकटीचा, चांगला मोठा. तो कुणाला जाईल हे धरूनच आणला होता, यात शंका नाही. फौजदारांनी तो मला देताना घाईत उलटा धरला, त्यामुळे त्यात त्यांचंच तोंड दिसत होतं. ते त्यांनी बघितलं आणि आरसा भर्रकन माझ्याकडे फिरवला. मावसबहिणीला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळालं नाही. ती इतकी खूश झाली की वाटेत तिने मला पोटभर खाजं खाऊ घातलं.

मास्तर घरी आले. आईने न मागता चहा ठेवला. चहा फुंकत ते म्हणाले, "वहिनी, आता 'हरी' ऱ्हवांदे मा?"

"ऱ्हवांदे," आई म्हणाली. "पण पडदो घालून."

पुढच्या वर्षी स्पर्धा झाली, पडदा झाला नाही. अरण्याला उंदीर लागले असं उत्सवाच्या मंडळींनी सांगितलं. मी गेले नाही. मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला बाई हव्या होत्या. हेडमास्तरांनी शब्द टाकला आणि मी लागले. त्यांना बहुधा त्या दिवसाचं ओझं उतरवायचं होतं. मावसबहिणीचं लग्न विजयदुर्गला झालं, मुंबईत नोकरी असलेल्या मुलाशी. बघायला आले तेव्हा 'गाणं म्हण' म्हटल्यावर तिने साफ सांगितलं, "माका गावक येणा नाय." त्यांना ती विनयशील वाटली. लग्नानंतर तिने एकदा नवऱ्याला म्हणून दाखवलं, तेव्हा त्याची खात्री पटली.

माझं लग्न जमायला वेळ लागला. तोवर गोवा मोकळा झाला, मास्तर परत आपल्या गावी गेले, आणि मीही लग्नाचा विचार जवळजवळ बाजूला ठेवला होता. मग मसुऱ्याहून एक पाहुणे आले. मुलगा पोस्टात होता, बरोबर फक्त मामा. आईने पेटी पुसून ठेवली होती. मी चटईवर बसले, पेटी पुढे ओढली आणि घसा साफ केला.

"गाणा नको," मुलगा म्हणाला.

आई दचकली. "कित्याक? चेडू गाता बरा. शाळेत शिकवता."

"गायत ती. पण माका गाण्यातला काय एक कळणा नाय. उगाच मान डोलवूची लागतली."

"मगे तुम्ही बघूक काय इलात?"

"चेडवाक बघूक इलंय," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज सरळ होता. "येष्टी स्टँडार दोनदा बघितलंय. सगळी माणसां पोत्यांसारखी बसलेली आणि ह्या आपला माडासारखा सरळ उभा. माका दिसाक आवडला."

आई माझ्याकडे वळून बघायला लागली, पडवीत भलतंच कुणी येऊन बसलंय अशी. मामांनी चहाची बशी खाली ठेवली. इतकी वर्षं लोकांनी माझं गाणं ऐकावं म्हणून जीव टाकला आणि शेवटी जो आला तो ऐकायला तयारच नव्हता. मला रागही आला आणि फार बरंही वाटलं.

लग्न झालं. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही हे त्यांनी खरंच सांगितलं होतं. भूप आणि भैरवी त्यांना एकच. मसुऱ्याच्या घरी मी सकाळी पेटी घेऊन बसले की ते कामावर जायच्या आधी चहाचा पेला घेऊन समोर येऊन बसायचे, पेला रिकामा झाला तरी उठायचे नाहीत.

एकदा मी मधेच थांबून विचारलं, "ऐकतास काय?"

"नाय," ते म्हणाले. "बघतंय. तू गा."